कळणे आणि वळणे : रुग्णांच्या खाटेपाशी बसवलेली बिनतारी जाळी

रुग्णांच्या अंगावर लहानसे बिनतारी संवेदक लावले आणि त्यांच्याकडून येणारे नाडीचे, श्वासाचे, रक्तातील ऑक्सिजनचे आकडे एका पडद्यावर अखंड उमटत ठेवले, की रुग्णावर चोवीस तास डोळ्यांत तेल घालून पहारा बसला, असा समज आज अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत, वैद्यकक्षेत्रात आणि रुग्णालयांसाठी खरेदी करणाऱ्या समित्यांमध्येही रूढ झाला आहे. या समजामागे एक न उच्चारलेले गृहीतक आहे. रुग्ण दगावतो तो त्याची प्रकृती ढासळत असल्याचे वेळेवर कळत नाही म्हणून, आणि कळत नाही ते माहिती वाहून नेणारे साधन अपुरे आहे म्हणून, असे हे गृहीतक. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की ते उथळ आहे. माहिती वाहून नेण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेला आहे. न सुटलेले प्रश्न त्या वाहतुकीच्या दोन टोकांना आहेत, एका टोकाला रुग्णाची त्वचा आणि दुसऱ्या टोकाला परिचारिकेचा हात. ‘कळते पण वळत नाही’ या रोजच्या वापरातील वचनात कळणे आणि वळणे यांच्यामधले जे अंतर सांगितले आहे, तेच या जाळ्यांचा खरा विषय आहे, आणि ते अंतर न मोजता केलेली खरेदी रुग्णाच्या नावाने होते, पण रुग्णाच्या कामी येत नाही.

१. जाळ्याची रचना

संवेदक म्हणजे शरीरातील एखाद्या घडामोडीचे, उदाहरणार्थ उष्णतेचे किंवा रक्ताच्या स्पंदनाचे, विद्युतसंकेतात रूपांतर करणारे साधन. त्याला एक छोटा संगणक, एक रेडिओ आणि एक बॅटरी जोडली की एक स्वयंपूर्ण घटक तयार होतो. त्याला या शास्त्रात नोड म्हणतात. बॅटरी वाचवायची तर रेडिओची ताकद कमी ठेवावी लागते, त्यामुळे नोडची पोच थोड्या मीटरांचीच असते. म्हणून भिंतीवरच्या विजेच्या सॉकेटांत मधले टप्पे, म्हणजे रिले, बसवले जातात, आणि एका रिलेकडून दुसऱ्याकडे असा प्रवास करीत आकडा परिचारिकांच्या टेबलावरील संगणकापर्यंत पोहोचतो. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने कमी ऊर्जेच्या रेडिओंसाठी ८०२.१५.४ हे मानक २००३ मध्ये प्रसिद्ध केले, आणि पुढच्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठात मॅट वेल्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कोडब्लू’ या प्रकल्पातून आपत्कालीन उपचारांसाठी अशा जाळ्याचा आराखडा मांडला.

अतिदक्षता विभागात रुग्ण तारांनी मॉनिटरला जोडलेला असतोच. बिनतारी जाळ्याचे खरे क्षेत्र म्हणजे सर्वसाधारण वॉर्ड, जिथे तापमान, नाडी आणि श्वसनदर, म्हणजे वॉर्डाच्या भाषेत टीपीआर, काही तासांच्या अंतराने फेरी मारून कागदावर लिहिला जातो आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात रुग्णाचे काय चालले आहे हे शेजारच्या खाटेवरील रुग्णाला किंवा उशाशी बसलेल्या नातेवाइकालाच ठाऊक असते. ही उणीव खरी आहे आणि ती भरून काढावी अशीच आहे. प्रश्न आहे तो ती कशाने भरते याचा.

२. ज्या कडीची भीती होती, ती पक्की निघाली

रेडिओवर अविश्वास दाखवण्याला सबळ कारणे होती. १९९८ मध्ये अमेरिकेतील डलास शहरात एका दूरचित्रवाणी केंद्राने डिजिटल प्रक्षेपणाची चाचणी सुरू केली, तेव्हा त्याच लहरींवर चालणारी एका रुग्णालयाची बिनतारी निरीक्षण यंत्रणा विस्कळीत झाली; त्यानंतर २००० मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने वैद्यकीय दूरमापनासाठी स्वतंत्र लहरीपट्टे राखून ठेवले. शिवाय स्वस्त नोड ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात तिथे वाय-फाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टी यांचीही गर्दी असते, आणि मानवी शरीरातील पाणी या लहरी शोषून घेत असल्यामुळे कुशीवर वळलेला रुग्ण स्वतःच आपल्या संवेदकाच्या वाटेत भिंत होऊन पडतो. अभियंत्यांनी एक दशक या अडचणींवर खर्च केले ते उगीच नव्हे.

त्या श्रमांचे फळ काय, याचे उत्तर सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ऑक्टाव्ह किपारा, चेन्यांग लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मिळते. हृदयरुग्णांच्या एका वॉर्डात, अतिदक्षता विभागापेक्षा एक पायरी खालच्या देखरेखीत असलेल्या ४१ रुग्णांवर त्यांनी नाडी आणि ऑक्सिजन मोजणारे बिनतारी नोड वापरले. पाठवलेल्या आकड्यांपैकी किती पोहोचले, म्हणजे जाळ्याची विश्वासार्हता किती, हे पाहता तिचा मध्यक ९९.६८ टक्के आला. मध्यक म्हणजे सर्व रुग्णांचे आकडे चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मध्ये येणारा आकडा. पण पोहोचलेल्यांपैकी किती आकडे मुळात ग्राह्य होते, म्हणजे संवेदकाने रुग्णाला खरोखर किती वेळा ‘पाहिले’, याचा मध्यक ८०.८५ टक्केच होता, आणि रुग्णारुग्णांतला फरक तर ०.४६ टक्क्यांपासून ९७.६९ टक्क्यांपर्यंत पसरलेला होता.

हे आकडे सावकाश वाचण्यासारखे आहेत. एका रुग्णाच्या बाबतीत हजारातले पाच आकडेही ग्राह्य नव्हते, आणि तरीही ते निरर्थक आकडे वाहून नेणारे जाळे आपले काम चोख करीत होते. साखळीचा जोर तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकाच असतो, हे मान्य केले तर रेडिओ ९९.६८ वरून १०० टक्क्यांवर नेण्यासाठी केलेल्या कोणत्याही खटाटोपाने एकूण यंत्रणा ८१ टक्क्यांच्या पुढे सरकत नाही. निविदांमधून मात्र आजही रेडिओचा पल्ला, बॅटरीचे आयुष्य आणि माहितीचा वेग हेच ठळक अक्षरांत छापले जाते.

३. बोटाच्या टोकाशी

ही कच्ची कडी नेमकी कशी आहे हे जवळून पाहणे आवश्यक आहे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, ज्याचे मूळ तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी शोधले, बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडतो: सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल आणि सुमारे ९४० नॅनोमीटरचा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. ऑक्सिजनयुक्त आणि ऑक्सिजनविरहित रक्त हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषते. पण बोटात रक्ताखेरीज हाड, मांस आणि त्वचाही असते, आणि तीही प्रकाश शोषतात. आओयागींची प्रतिभा या अडचणीतून वाट काढण्यात दिसते: जो भाग हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर कमीजास्त होतो तो धमनीतल्या रक्ताचा, आणि जो स्थिर राहतो तो बाकी सगळ्याचा, असे समजून केवळ स्पंदन पावणारा भाग मोजायचा.

या युक्तीतच तिची मर्यादाही दडलेली आहे. स्पंदन पावणारा भाग एकूण शोषणाच्या मानाने फार लहान असतो. थंडीने किंवा रक्तदाब उतरल्याने हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसल्या, की तो आणखी क्षीण होतो; रुग्णाने हात हलवला, की शिरांमधले रक्तही हिंदकळते आणि यंत्र त्यालाच स्पंदन समजते. पहाटे पंख्याखाली गार पडलेल्या वृद्ध रुग्णाच्या बोटावरची क्लिप पाणी पिताना सरकते, अर्धी नखावर आणि अर्धी हवेत राहते, आणि पडद्यावर उमटतो तो आकडा ना रुग्णाचा असतो ना कुणाचा. येथे एक दुर्दैवी विसंगती आहे: ज्याची प्रकृती खालावत चालली आहे त्याचेच हात गार असतात, त्याचाच रक्तदाब उतरलेला असतो, तोच अस्वस्थपणे हालचाल करीत असतो. म्हणजे संवेदकाची गरज ज्या घटकेला सर्वाधिक, त्याच घटकेला तो सर्वांत कमी भरवशाचा ठरण्याचा धोका असतो.

त्वचेच्या रंगाचा मुद्दाही याच टोकाचा आहे. अमेरिकेतील रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत प्रत्यक्ष ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली आढळण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के आणि श्वेतवर्णीय रुग्णांत ३.६ टक्के होते. भारतीयांच्या त्वचेचा वर्ण गव्हाळापासून गडद काळ्यापर्यंत सर्व छटांचा असताना येथील खरेदीसमित्यांनी हा प्रश्न विक्रेत्याला पहिल्या बैठकीत विचारायला हवा.

सेंट लुईसच्या संशोधकांनी उपायही सुचवले, आणि ते उद्बोधक आहेत. आकडा ग्राह्य नसेल तर लगेच पुन्हा मोजावे, आणि क्लिप निघाल्याचे कळताच परिचारिकेला तशी सूचना जावी. या दोन साध्या उपायांनी ग्राह्य आकड्यांचे प्रमाण बरेच सुधारू शकते असे त्यांनी दाखवले. पण दुसऱ्या उपायाचा अर्थ असा की क्लिप परत बसवण्यासाठी कुणीतरी उठून खाटेपर्यंत गेले पाहिजे. त्वचेच्या टोकाचा प्रश्न अखेरीस हाताच्या टोकाशीच येऊन थांबतो.

४. कळले होते, तरीही

आता दुसऱ्या टोकाकडे वळता येईल. रुग्ण अचानक गेला, असे म्हटले जाते तेव्हा तो खरोखर अचानक गेलेला असतो का, हा प्रश्न १९९० मध्येच विचारला गेला होता. सर्वसाधारण वॉर्डात हृदय बंद पडलेल्या ६४ रुग्णांच्या नोंदी तपासल्या असता त्यांपैकी ५४ जणांच्या, म्हणजे ८४ टक्क्यांच्या, बाबतीत त्याआधीच्या आठ तासांत प्रकृती ढासळत असल्याची किंवा नवी तक्रार उद्भवल्याची नोंद झालेली आढळली. येथे ‘नोंद’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कुणीतरी पाहिले होते, कुणीतरी लिहिले होते, कागद खाटेच्या पायथ्याशी लटकत होता, आणि आठ तास गेले. जिथे कागदावरचा आकडा कुणाला हलवू शकला नाही, तिथे पडद्यावरचा तोच आकडा हलवील, असे मानायला कोणता आधार आहे?

ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये तयार केलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या ‘न्यूज’ या गुणांकपद्धतीने हा प्रश्न मुळाशी जाऊन धरला. श्वसनदर, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, तापमान आणि शुद्धीची पातळी या सहा लक्षणांना गुण देऊन त्यांची बेरीज करायची, ही तिची अर्धी बाजू. बेरीज पाच झाली तर तातडीने वैद्यकीय तपासणी आणि सात झाली तर आपत्कालीन प्रतिसाद, असे आकड्याला कृतीशी बांधून टाकणे ही दुसरी. पेन आणि कागदावर चालणाऱ्या या पद्धतीत जे आहे ते अनेक महागड्या जाळ्यांत नाही: आकड्यामागून काय घडले पाहिजे आणि ते कुणी केले पाहिजे, हे आधीच ठरलेले आहे. बोटावरची क्लिप या सहांपैकी दोनच लक्षणे थेट मोजते, आणि शुद्धीची पातळी, रुग्ण गोंधळला आहे का, नाव विचारले तर सांगतो का, हे तर रुग्णाशी बोलल्याखेरीज कळतच नाही.

हे कळण्यावळण्याचे अंतर महाराष्ट्राने एका वॉर्डापुरते नव्हे, राज्यभर अनुभवले आहे. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आरोग्यपथके घरोघरी जाऊन तापमान आणि ऑक्सिजन मोजत होती, आणि त्यातून वेळेवर कळल्याचा लाभ अनेकांना झाला असणार. पण २०२१ च्या एप्रिलमध्ये अनेक घरांत ऑक्सिमीटर होता, आकडा ९४ च्या खाली गेल्याचे घरातल्या लहानालाही कळत होते, आणि खाट मिळत नव्हती. त्या दिवसांत कमी पडली ती माहिती नव्हती.

५. अलार्मचा लोट

माहिती निरुपद्रवी असती तर तिचा अतिरेकही चालला असता. तसे नसते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील अतिदक्षता विभागांतल्या ७७ खाटांचा बार्बरा ड्रू आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ३१ दिवसांत मॉनिटरांनी २५,५८,७६० अलार्म नोंदवले. त्यांपैकी कानाला ऐकू येणारे अलार्म दर खाटेमागे दररोज १८७ होते, म्हणजे साधारण पावणेआठ मिनिटांना एक. आणि हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे जे १२,६७१ अलार्म तज्ज्ञांनी एकेक करून तपासले, त्यांपैकी ८८.८ टक्के खोटे निघाले. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेतील जॉइंट कमिशनने २०१३ मध्ये जाहीर केले की २००९ च्या जानेवारीपासून २०१२ च्या जूनपर्यंत अलार्मशी निगडित ९८ गंभीर घटना तिच्याकडे नोंदल्या गेल्या आणि त्यांपैकी ८० रुग्णांचा मृत्यू झाला.

‘रोज मरे त्याला कोण रडे’ ही म्हण निष्ठुर वाटते, पण तिच्यात माणसाच्या मनाचा एक नियम आहे. परिचारिकेचे कान निबर होतात ते तिची कळकळ आटली म्हणून नव्हे. दहांतले नऊ आवाज खोटे असताना दहाव्यालाही तेवढ्याच वेगाने धावणे कोणत्याही मनाला जमणारे नाही. तिच्या निष्काळजीपणावर बोट ठेवणारी चौकशी म्हणूनच बहुधा चुकीच्या जागी बोट ठेवते.

येथे एक सोपा हिशेब मांडता येतो. तीस खाटांच्या वॉर्डात प्रत्येक रुग्णाला संवेदक लावला आणि प्रत्येकाचे दिवसाला केवळ चारच अलार्म झाले, असे उदार गृहीत धरले, तरी दिवसाचे १२० होतात, म्हणजे दर बारा मिनिटांना एक. प्रत्येकासाठी उठणे, खाटेपर्यंत जाणे, क्लिप नीट करणे, रुग्णाशी दोन शब्द बोलणे आणि परत येणे यांस पाच मिनिटे धरली, तर दिवसाचे दहा तास होतात. हे दहा तास आज कुणाच्याही ड्युटीत धरलेले नाहीत. संवेदक काम वाचवतो असे म्हणणारे हा हिशेब मांडत नाहीत.

६. जिथे साधले, तिथे कसे साधले

या प्रतिपादनावरून जाळी निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल, कारण त्यांच्या यशाचे एक भक्कम उदाहरण उपलब्ध आहे. अमेरिकेतील डार्टमथ येथे अँड्रियास टेन्झर आणि सहकाऱ्यांनी अस्थिशस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या ३६ खाटांच्या वॉर्डात अखंड ऑक्सिजनमापन सुरू केले आणि सूचना बिनतारी मार्गाने थेट त्या रुग्णाच्या परिचारिकेच्या पेजरवर पाठवली. अफूजन्य वेदनाशामकांनी श्वास मंदावण्याचा धोका असलेले हे रुग्ण होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तातडीने धावून जावे लागण्याच्या घटना दर हजार रुग्णांमागे ३.४ वरून १.२ वर आल्या आणि अतिदक्षता विभागात हलवण्याचे प्रमाण दर हजार रुग्णदिवसांमागे ५.६ वरून २.९ वर आले. तुलनेसाठी घेतलेल्या इतर वॉर्डांत असा फरक पडला नाही.

या यशाचे रहस्य संवेदकात शोधण्याची चूक करू नये. तेथील चमूने ऑक्सिजनची सीमा ९० वर न ठेवता ८० पर्यंत खाली आणली आणि आकडा खाली गेल्यावर अलार्म होण्यापूर्वी काही सेकंदांची मुभा ठेवली, जेणेकरून हात हलल्यामुळे आलेले क्षणिक चढउतार आपोआप गळून पडावेत. म्हणजे त्यांनी यंत्राला अधिक बोलायला नव्हे, कमी बोलायला शिकवले, आणि ते जेव्हा बोलेल तेव्हा कोणत्या एका व्यक्तीने उठायचे हे निश्चित केले. ८० ही सीमा अनेकांना धाडसाची वाटेल. तिच्यामागे त्या वॉर्डातील मनुष्यबळाची आणि रुग्णांच्या प्रकाराची जाण होती. तीच सीमा दुसऱ्या वॉर्डात डोळे मिटून उचलणे घातक ठरू शकते.

७. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा येईल की कृत्रिम बुद्धिमत्ता खोटे अलार्म गाळून टाकील आणि प्रश्न मिटेल. गाळणी उपयुक्त आहेच, पण तिची परीक्षा वॉर्डात झाली पाहिजे. अमेरिकेतील शेकडो रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या, जंतुसंसर्गाने होणाऱ्या सेप्सिसचे भाकीत करणाऱ्या एका प्रणालीची स्वतंत्र तपासणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत असे आढळले की प्रणालीने दाखल रुग्णांपैकी १८ टक्क्यांसाठी इशारा दिला आणि तरीही सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के तिच्या नजरेतून सुटले. शिवाय गाळणी कितीही चोख असली तरी खरा ठरलेला अलार्म उरतोच, आणि त्याला उत्तर माणसालाच द्यावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो ऑस्ट्रेलियातून येतो. प्रतिसादाची व्यवस्था हीच खरी गरज असेल, तर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मेरिट’ या २३ रुग्णालयांच्या चाचणीत आपत्कालीन पथके नेमूनही हृदय बंद पडण्याच्या आणि अनपेक्षित मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय घट का झाली नाही? याचे उत्तर त्याच चाचणीत आहे. पथक होते, निकष ठरलेले होते, पण निकष पूर्ण झालेल्या अनेक रुग्णांसाठी पथकाला बोलावणेच गेले नाही. वळण्याची यंत्रणा कागदावर असणे आणि रात्री तीन वाजता कनिष्ठ परिचारिकेने वरिष्ठांची झोपमोड करण्याचे धैर्य दाखवणे, आणि त्यासाठी तिला कुणी बोलणार नाही याची तिला खात्री असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा आक्षेप भारतात सर्वाधिक ऐकू येतो: येथे परिचारिका कमी आहेत, म्हणूनच तर यंत्रे हवीत. युरोपातील नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांतील शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या, लिंडा एकेन यांच्या नेतृत्वाखालील २०१४ च्या अभ्यासात, परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढत जाताना तीस दिवसांच्या आत मृत्यू होण्याची संभाव्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढत असल्याचे दिसून आले. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयांत तीन रुग्णांमागे आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. रात्रपाळीला एका परिचारिकेकडे पूर्ण वॉर्ड सोपवलेला असतो, हे सार्वजनिक रुग्णालयात एक रात्र काढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जिथे हातच नाही तिथे आणखी एक घंटा टांगल्याने हात उगवत नाही. रिक्त पदे न भरता त्या निधीतून संवेदक घेणे हा काटकसरीचा मार्ग मानला जातो, पण वरचा दहा तासांचा हिशेब खरा असेल तर तो उलट जास्त मनुष्यबळ मागणारा मार्ग आहे.

८. खरेदीपूर्वी काय मोजावे

यावरून एक कसोटी निघते. जाळ्याचे मोल किती आकडे पोहोचले यावर ठरवू नये. रुग्णाची प्रकृती ढासळू लागल्यापासून त्याच्या खाटेपाशी योग्य व्यक्तीचा हात पोहोचेपर्यंत किती मिनिटे गेली, यावर ठरवावे. हे मोजणे अवघड नाही. अलार्मची वेळ यंत्र नोंदवतेच. परिचारिकेने खाटेजवळचे बटण दाबले की दुसरी वेळही नोंदली जाते. एखाद्या वॉर्डात जाळे बसवण्यापूर्वी एक महिना आणि बसवल्यावर सहा महिने ही मिनिटे, विशेषतः रात्रपाळीची, मोजून पाहिली, तर खरेदीसमितीला विक्रेत्याच्या माहितीपत्रकाची गरज उरणार नाही. सोबत अलार्मच्या सीमा ठरवण्याचा अधिकार त्या वॉर्डातील परिचारिकांना द्यावा, कारण कोणता आवाज पोकळ आहे हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते.

आणि ग्राह्य आकड्यांचे प्रमाण मागताना मध्यकाबरोबर सर्वांत खालचा आकडाही मागावा. सेंट लुईसच्या अभ्यासात ०.४६ टक्के ज्या रुग्णाच्या वाट्याला आले, तोही इतर चाळीस जणांप्रमाणेच निरीक्षणाखाली असलेला रुग्ण म्हणून नोंदला गेला होता.